आठवीतली ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर जाते का? अमेरिकेत नवीन आलेल्या पालकांसाठी

दर ऑगस्टमध्ये आमच्या इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच. मुलगी आठवीत आहे, शाळेने अल्जेब्रा १ दिलंय, ती ग्रेड पुढे कॉलेजला दिसणार का? आणि लगेच खाली उत्तरं सुरू होतात, निम्मे म्हणतात छे, मिडल स्कूल कोण बघतंय, निम्मे म्हणतात बघतात हो, आमच्याकडे जीपीएमध्ये धरलं. दोन्ही बाजू खरं सांगत असतात, कारण एक जण नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि दुसरा व्हर्जिनियात. नियम राज्याराज्यात वेगळा आणि बऱ्याच ठिकाणी डिस्ट्रिक्टगणिक (डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) वेगळा, त्यामुळे मैत्रिणीचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

मी व्हर्जिनियात राहते. पुण्याहून आलो तेव्हा मोठा मुलगा सातवीच्या मध्यात होता, आता तो नोकरीला लागलाय आणि धाकटी नववीत आहे. जाऊबाई टेक्सासला, जवळची मैत्रीण नॉर्थ कॅरोलायनात, त्यामुळे तीन घरांत तीन नियम जवळून बघितलेत. मोठ्याच्या वेळी आमच्याकडून एक गोष्ट राहून गेली, ती पुढे सांगतेच, ती तुमच्याकडून राहू नये म्हणून एवढं सगळं लिहितेय.

आधी शब्द समजून घ्या

इथे इयत्तेलाही ग्रेड म्हणतात आणि मार्कांनाही ग्रेडच, त्यामुळे सुरुवातीला फार गोंधळ होतो. मी खाली इयत्तेला इयत्ता म्हणेन आणि ए, बी, सी ला ग्रेड. मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, हायस्कूल नववी ते बारावी. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे हायस्कूलमधल्या सगळ्या विषयांची, सगळ्या वर्षांची एकत्र नोंद, हीच कॉलेजला जाते. आपल्याकडे कसं, दहावीचं मार्कशीट म्हणजे दहावीची परीक्षा, नववीत काय मिळालं ते नंतर कोणी विचारत पण नाही. इथे तसं नाही. इथे चार वर्षांतला प्रत्येक कोर्स त्या कागदावर कायमचा राहतो, नववीतला पहिल्या सेमिस्टरचा सी पण.

जीपीए म्हणजे त्या सगळ्या ग्रेडची सरासरी. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १, एफ ला शून्य. हा झाला साधा, म्हणजे अनवेटेड. वेटेडमध्ये अवघड कोर्सला जास्तीचे पॉइंट मिळतात, पुष्कळ ठिकाणी ऑनर्सला (त्याच विषयाचा वरच्या पातळीचा वर्ग) अर्धा आणि एपीला (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) एक, पण तेही सगळीकडे सारखं नाही. आणि क्रेडिट म्हणजे तो कोर्स पास झाल्याची पावती, ठरावीक क्रेडिट जमली की डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचं प्रमाणपत्र, मिळतो.

आता मिडल स्कूलचे नेहमीचे विषय, सहावीचं सायन्स, सातवीचं सोशल स्टडीज, सातवीचं इंग्लिश, यांच्या ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर येत नाहीत. कॉमन अ‍ॅपवरून कॉलेजला अर्ज करतात त्यातही नववी ते बारावीचंच विचारतात. म्हणून सातवीत सायन्सला बी आला म्हणून कोणी मुलाला रडवू नका. नवीन देश, नवीन उच्चार, लॉकर उघडता येत नाही, जेवायच्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं कळत नाही, त्या वयात हे सगळं एकदम अंगावर येतं.

प्रश्न येतो तो हायस्कूल दर्जाचा कोर्स मिडल स्कूलमध्येच घेतला तर. अल्जेब्रा १, जॉमेट्री, स्पॅनिश १, फ्रेंच १, मुख्य हेच. इथून पुढचं सगळं या कोर्सेसबद्दल आहे.

मुलाचा कोणता कोर्स या यादीत आहे ते शोधा

हे ऐकायला सोपं वाटतं पण मॅथच्या नावांनी भलेभले गोंधळतात. मॅथ ८, प्री-अल्जेब्रा, अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ ७, अ‍ॅक्सिलरेटेड मॅथ, अल्जेब्रा १ ऑनर्स. यातलं प्री-अल्जेब्रा आणि अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ हे सहसा मिडल स्कूलचेच कोर्स असतात, नावात अ‍ॅडव्हान्स्ड असलं म्हणून हायस्कूलचं क्रेडिट मिळतंच असं नाही. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर कोर्स कॅटलॉग असतो, कुठे त्याला प्रोग्रॅम ऑफ स्टडीज म्हणतात, त्यात प्रत्येक कोर्सच्या नावाखाली हायस्कूल क्रेडिट आहे की नाही ते छापलेलं असतं. भाषेचं पण बघा. काही ठिकाणी स्पॅनिश १ सातवी आणि आठवी मिळून दोन भागांत शिकवतात आणि क्रेडिट आठवीच्या शेवटी पडतं.

टेक्सासमध्ये अजून एक आहे. २०२३ साली तिथे कायदा झाला, त्याप्रमाणे पाचवीच्या स्टार या राज्याच्या परीक्षेत मॅथमध्ये वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत आपोआप अ‍ॅडव्हान्स्ड मॅथमध्ये टाकतात, नको असेल तर पालकांनी लेखी कळवायचं. म्हणजे तुम्ही काहीही निवडलं नाही तरी मूल आठवीत अल्जेब्राच्या वाटेला लागलेलं असू शकतं. जाऊबाईंना हे सातवीत कळलं.

काउन्सेलरला तीन प्रश्न वेगवेगळे विचारा

काउन्सेलर म्हणजे शाळेत मुलांचे कोर्स ठरवायला मदत करणारी व्यक्ती. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपण विचारतो “हा कोर्स काउंट होतो का?” आणि पलीकडून उत्तर येतं “हो, होतो.” पण काय काउंट होतं? तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं असू शकतं. एक, याचं हायस्कूल क्रेडिट मिळतं का, म्हणजे डिप्लोमासाठी मोजतात का. दोन, कोर्सचं नाव आणि ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर छापून येते का. तीन, ती ग्रेड हायस्कूलच्या जीपीएमध्ये आणि क्लास रँकमध्ये, म्हणजे इयत्तेतल्या क्रमांकात, धरतात का.

क्रेडिट मिळतं, ट्रान्सक्रिप्टवर येतं, पण जीपीएत धरत नाहीत असंही असतं. तिन्हीत धरतात असंही असतं. आणि एकातही नाही, फक्त नववीत पुढच्या वर्गात बसवतात, असंही असतं, न्यू जर्सीतल्या एका मैत्रिणीच्या शाळेत असंच होतं, मुलगा नववीत थेट जॉमेट्रीला बसला आणि आठवीचा अल्जेब्रा हायस्कूलच्या कागदावर कुठेच नाही. तर हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा, फोनवर नको. लेखी उत्तर जपून ठेवा. चौथा प्रश्न पण त्याच ईमेलमध्ये टाका, ग्रेड चांगली आली नाही तर पुढे काय करता येतं आणि त्याची शेवटची तारीख कोणती.

राज्याप्रमाणे काय फरक पडतो

व्हर्जिनियात मिडल स्कूलमध्ये घेतलेला हायस्कूल क्रेडिटचा कोर्स ट्रान्सक्रिप्टवर जातो आणि ग्रेड मोजली जाते. पण राज्याच्याच नियमात पालकांना एक हक्क दिलाय, तुम्ही लेखी विनंती केली तर तो कोर्स ट्रान्सक्रिप्टवरून काढतात. मात्र मग ग्रेडबरोबर क्रेडिट पण जातं, ग्रेड काढा आणि क्रेडिट ठेवा असं होत नाही. विनंती कशी करायची, कधीपर्यंत करायची हे शाळेने पालकांना कळवायचं असतं, आणि तारीख प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी.

आमची चूक झाली ती इथे. मोठ्याला प्लेसमेंट टेस्टवरून आठवीत अल्जेब्रा १ मिळालं, आम्हाला अभिमान वाटला. गणित त्याला येत होतंच, परीक्षेत नव्वदच्या घरात मार्क असायचे, म्हणून मी निर्धास्त. पण इथे होमवर्क, क्लासवर्क, छोट्या क्विझ सगळं धरून ग्रेड बनते आणि शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर होमवर्कच्या रांगेत शून्य, शून्य, शून्य पडत होते, त्याने वहीत केलेलं असायचं पण ऑनलाइन जमा केलेलं नसायचं, आणि मी पोर्टल उघडतच नव्हते, मला वाटायचं वार्षिक परीक्षा झाली की निकाल कळेल. वर्षाअखेरीस सी आला. तेव्हा पण वाटलं, जाऊ दे, मिडल स्कूल आहे. ट्रान्सक्रिप्टबद्दलचा कागद शाळेने उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या पंधरा-वीस कागदांच्या गठ्ठ्यात दिला होता, आम्ही तो वाचला नाही.

दहावीत एका समर प्रोग्रॅमसाठी ट्रान्सक्रिप्ट मागवली. जेवणाच्या टेबलावर प्रिंट काढून ठेवली होती, नववीच्या वर अजून एक चौकट होती, त्यात इयत्ता आठवी, अल्जेब्रा १, सी. अगदी पहिलीच ओळ. मुलगा म्हणाला, “आई, हे इथे कसं आलं?” मी शाळेत फोन केला, तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेली होती. त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण त्या दिवशी मला फार लागलं, कारण गणित त्याला येत होतं आणि कागदावर मात्र येत नाही असं दिसत होतं.

नॉर्थ कॅरोलायनात राज्याचा नियम वेगळा आहे. मिडल स्कूलमध्ये पास केलेला हायस्कूलचा कोर्स डिप्लोमासाठी मोजतात, पण जीपीए फक्त हायस्कूलच्या वर्षांत घेतलेल्या कोर्सेसचा काढतात. त्यामुळे मैत्रिणीच्या लेकीला आठवीत बी आला तरी तिच्या जीपीएला धक्का लागला नाही.

टेक्सासमध्ये हायस्कूलचा कोर्स लवकर घेऊन पास झालं, म्हणजे ७० किंवा जास्त मार्क आले, की क्रेडिट द्यावंच लागतं. पण ते जीपीएत आणि क्लास रँकमध्ये धरायचं की नाही हे डिस्ट्रिक्ट ठरवतं, शेजारशेजारच्या दोन डिस्ट्रिक्टमध्ये उलट नियम असू शकतात. आणि टेक्सासमध्ये रँकला फार वजन आहे, १९९७ च्या कायद्याने वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश मिळतो, फक्त यूटी ऑस्टिनला ही रेषा वर आहे, आधी ६ टक्के होती, २०२६ च्या फॉलपासून ५ टक्के. तिथे दशांशाच्या दुसऱ्या आकड्यावरून मुलं रेषेच्या आत किंवा बाहेर पडतात. म्हणून टेक्सासवाल्यांनी घर घेतानाच डिस्ट्रिक्टचा रँकचा नियम वाचावा असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लोरिडात अल्जेब्रा १ ची राज्याची परीक्षा कोर्सच्या ग्रेडमध्ये ३० टक्के धरतात, म्हणजे वर्षभर ए असला तरी ती परीक्षा सांभाळायला लागते. पण तिथे मिडल स्कूलच्या मुलांना एक सवलत पण आहे. हायस्कूलमध्ये फक्त डी किंवा एफ पुन्हा कोर्स करून बदलता येतो, मिडल स्कूलमध्ये घेतलेल्या हायस्कूल कोर्सला मात्र सी आला असेल तरी बदलता येतो.

कॅलिफोर्नियात शाळेच्या ट्रान्सक्रिप्टचं डिस्ट्रिक्टप्रमाणे वेगळं असेल, पण युसी आणि कॅल स्टेट या राज्याच्या दोन सरकारी युनिव्हर्सिटींचा हिशोब ठरलेला आहे. सातवी-आठवीतलं अल्जेब्रा किंवा स्पॅनिश, सी किंवा वर असेल तर, विषयाची अट पूर्ण करायला चालतं, पण त्यांच्या जीपीएत ते धरत नाहीत. ते जीपीए काढतात नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या कोर्सेसचा. म्हणजे तिथे नववीच्या ग्रेड पण त्यांच्या गणितात नाहीत, फक्त सी किंवा वर असणं लागतं. आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर २०१४ मध्ये आठवीतला अल्जेब्राच बंद केला होता, पालक वर्षानुवर्षं त्यासाठी भांडले आणि २०२४ मध्ये तो परत आणायचं ठरलं. गणिताच्या एका कोर्ससाठी शहरात मतदान झालं, यावरून हा विषय इथे लोकांच्या किती जिव्हाळ्याचा आहे ते बघा.

बाकी राज्यांचं तुमच्या काउन्सेलरच्या ईमेलवरच समजेल.

एक ग्रेड किती खाली ओढते, कागदावर करून बघा

घाबरायच्या आधी हा हिशोब करा, मी दोघांच्याही वेळी वहीत केलाय. समजा नववीत सात कोर्स, सहा ए आणि एक बी. २४ आणि ३ म्हणजे २७, भागिले ७, जीपीए ३.८६. आता आठवीतले दोन कोर्स त्यात धरले, अल्जेब्रा १ ला बी आणि स्पॅनिश १ ला सी. २७ मध्ये ५ मिळवा, ३२, भागिले ९, आला ३.५६. नववी संपताना तीन दशांश खाली, बघून धस्स होतं. पण असंच चार वर्षं चाललं, दरवर्षी सहा ए एक बी, तर २८ कोर्सचे १०८ पॉइंट, जीपीए ३.८६, आणि आठवीचे दोन धरून ११३ भागिले ३०, म्हणजे ३.७७. फरक एक दशांशाच्या आत आला. जसजसे कोर्स वाढतात तसतसं त्या जुन्या ग्रेडचं वजन कमी होतं.

दुसरी बाजू पण सांगते, ही फार जणांच्या लक्षात येत नाही. वेटेड जीपीएमध्ये आठवीतला साधा ए सुद्धा सरासरी किंचित खाली आणू शकतो. कारण स्पॅनिश १ ला ऑनर्सचं वजन नसतं, तिथे ए म्हणजे ४ च. मुलाच्या २८ कोर्सची वेटेड सरासरी ४.५ असेल तर बेरीज १२६, त्यात ४ चे दोन मिळवले की १३४ भागिले ३०, ४.४७. म्हणजे मुलाने काहीही चूक केली नाही तरी आकडा हलला. याच्यासाठी स्पॅनिश घेऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही, पण टेक्सासमध्ये रँकच्या काठावर असाल तर माहीत असू द्या.

आणि कॉलेजं हा आकडा जसाच्या तसा घेतात असं पण नाही. बरीच कॉलेजं आपल्या पद्धतीने जीपीए पुन्हा काढतात आणि शाळेकडून ट्रान्सक्रिप्टबरोबर स्कूल प्रोफाइल जातं, त्यात त्या शाळेत ग्रेड कशा देतात ते लिहिलेलं असतं. आठवीत सी आणि मग जॉमेट्रीत बी, अल्जेब्रा २ मध्ये ए, कॅल्क्युलसमध्ये ए, हा चढता क्रम वाचणाऱ्याला दिसतो. माझ्या मोठ्याचं तसंच झालं, त्याला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

मग आठवीत अल्जेब्रा घ्यावं की नाही

अल्जेब्रा १ आठवीत झालं की नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस असा रस्ता पडतो. सातवीत झालं की एक वर्ष अजून पुढे. नववीत घेतलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलसला पोचतो, आणि इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलस असलेलं बरं, त्यामुळे आपल्या लोकांची आठवीसाठी धडपड समजू शकते. पण सातवीत पाहिजेच, कारण अमक्याच्या मुलाने सातवीत केलं, यात मला काही अर्थ वाटत नाही. अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या हे पक्कं आहे का ते बघा, मुलाला एखादं शाब्दिक उदाहरण इंग्रजीत वाचायला द्या आणि समीकरण कसं मांडतो बघा. भारतातून आलेल्या मुलांचा हात आकडेमोडीत छान बसलेला असतो, अडतात ती इथल्या इंग्रजी वर्ड प्रॉब्लेमला आणि “तुझं उत्तर कसं आलं ते वाक्यात लिही” याला. ते जमत असेल तर बिनधास्त घ्या.

नुकत्याच आलेल्या मुलाला त्याच वर्षी अल्जेब्रा आणि स्पॅनिश १ दोन्ही लावू नका, हे मी कळकळीने सांगते. भाषा नववीत सुरू केली तरी काही बिघडत नाही.

वर्ष सुरू झालं की

पॅरेंट पोर्टलचं लॉगिन पहिल्याच आठवड्यात घ्या आणि दर रविवारी मुलाला शेजारी बसवून उघडा. ए-बी बघायच्या आधी मिसिंग असाइनमेंट बघा. शिक्षक सिलॅबसमध्ये लिहितात टेस्टला किती टक्के, होमवर्कला किती, उशिरा दिलेलं घेतात का, टेस्टचा रीटेक मिळतो का. रीटेक मिळतो हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी मागायला लाजतात, आपल्याकडे पुन्हा परीक्षा म्हणजे नापास असा अर्थ डोक्यात बसलेला. इथे तसं कोणी समजत नाही.

पहिला क्वार्टर संपतो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा सी च्या आसपास असेल तर लगेच शिक्षकांना भेटा. कोर्स बदलून खालच्या मॅथमध्ये जायची मुदत असते, ती गेली की अडकतो. मे महिन्यात भेटून काही होत नाही, तोपर्यंत ग्रेड बनलेली असते.

आणि तरीही ग्रेड पडली तर, व्हर्जिनियात असाल तर ती काढायची का हे शांतपणे ठरवा. माझं मत असं की बी असेल तर राहू द्या, क्रेडिट गमावण्यासारखं त्यात काही नाही. सी असेल तर दोन गोष्टी बघा. मुलाला विषय समजलाय का, आणि क्रेडिट गेलं तर पुढे डिप्लोमासाठी मॅथचे कोर्स पुरतात का. विषय कच्चा राहिला असेल तर कोर्स काढून नववीत अल्जेब्रा १ पुन्हा करणं चांगलंच, पाया पक्का होतो आणि ग्रेडही. विनंती केल्यावर नववीत ट्रान्सक्रिप्टची अनऑफिशियल कॉपी मागून खरंच निघालंय का ते स्वतः बघा.

भारतातून आठवी-नववीत येत असाल तर

इथे अजून एक सांगायचंय, ते मिडल स्कूलचं नाही पण नवीन आलेल्यांना सगळ्यात जास्त तेच लागतं. तुमची भारतातली नववी इथे हायस्कूलचं पहिलं वर्ष धरतात. आपण नववीला हलकं घेतो, पण मुलगा नववी करून आला तर त्या मार्कशीटवरून इथे क्रेडिट देतात, आणि काही ठिकाणी ग्रेड पण चढवतात. एसएससीला ७५ च्या वर डिस्टिंक्शन, ६० ला फर्स्ट क्लास, आणि इथे साधारण ९० च्या वर ए. मग कोणी ७८ टक्के सरळ इथल्या स्केलवर ठेवले तर डिस्टिंक्शनचा सी होतो. म्हणून निघायच्या आधी शाळेकडून लेटरहेडवर मार्कांचं स्केल लिहून घ्या, किती टक्क्यांना काय म्हणतात ते, आणि हेडमास्तरांची सही-शिक्का. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या तीन वर्षांची मार्कशीट, मराठी माध्यम असेल तर इंग्रजी भाषांतर, आणि गणिताच्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचे फोटो. हो, अनुक्रमणिका. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात शिकवतात आणि इथे वेगवेगळ्या वर्षी, तर मुलाला काय येतं हे काउन्सेलरला दाखवायला त्याच्यासारखं काही नाही. परदेशातल्या कोर्सला ग्रेड न देता फक्त पास लिहिता येतं का हे पण विचारा, काही डिस्ट्रिक्ट देतात. टेक्सासमध्ये परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय आहे, आधी शिकलेल्या विषयाला ७० आणि विषय न शिकता थेट दिली तर ८० लागतात.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली होणाऱ्यांनी आठवीचं रिपोर्ट कार्ड आणि राज्याच्या परीक्षेचा निकाल जपून न्यावा, कोर्सचं नाव स्पष्ट छापलेलं असेल तरच नवीन शाळा क्रेडिट चढवते. मुलाचं रेकॉर्ड बघायचा हक्क पालकांना १९७४ च्या फर्पा कायद्याने आहे, मागितल्यावर ४५ दिवसांच्या आत शाळेला दाखवावं लागतं. मूल १८ चं झालं की तो हक्क त्याच्याकडे जातो, म्हणून आत्ताच बघून घ्या.

आणि मराठीचं विसरू नका. काही डिस्ट्रिक्ट घरच्या भाषेची परीक्षा घेऊन परकीय भाषेचं क्रेडिट देतात, अव्हांत नावाच्या कंपनीच्या स्टॅम्प या भाषेच्या टेस्टमध्ये मराठी आहे. मूल मराठी शाळेत जात असेल, वाचता-लिहिता येत असेल, तर स्पॅनिशचं ओझं कमी होऊ शकतं. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या यादीत मराठी आहे का विचारा, नसेल तर घालता येईल का तेही विचारा, दोन-चार पालकांनी मिळून विचारलं तर ऐकतात.

मिडल स्कूलच्या ग्रेड खरोखर कुठे लागतात

काही शाळांच्या प्रवेशाला. आमच्याकडच्या थॉमस जेफरसन हायस्कूलला अर्ज करायला मिडल स्कूलचा साडेतीनचा जीपीए आणि आठवीपर्यंत अल्जेब्रा १ लागतं. न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हसंटसारख्या स्पेशलाइज्ड शाळांना फक्त परीक्षा, पण बाकीच्या स्क्रीन्ड शाळा सातवीच्या ग्रेड बघतात. शिकागोच्या सिलेक्टिव्ह शाळांनाही सातवीच्या ग्रेड धरतात. तिथे जायचं असेल तर सातवीतलं सोशल स्टडीज पण महत्त्वाचं होतं, आणि हे सातवी संपल्यावर कळून उपयोग नाही.

धाकटीच्या वेळी मी आठवीच्या पहिल्या आठवड्यात ते चार प्रश्न ईमेलने विचारले, उत्तर दोन दिवसांत आलं, तारखेसकट. तारीख फ्रिजवर लावली. तिला अल्जेब्रात बी प्लस आला, आम्ही तो ठेवला. सप्टेंबरात ट्रान्सक्रिप्टची कॉपी मागवली, पहिल्या चौकटीत आठवी, अल्जेब्रा १ ऑनर्स, बी प्लस, एक क्रेडिट, सगळं बरोबर होतं, कोर्सचं नाव, ऑनर्सचं वजन, क्रेडिट. तुम्हीही या तीन गोष्टी ताडून बघा, चूक असेल तर नववीतच दुरुस्त करून घ्या, तेव्हा आठवीचे शिक्षक त्याच शाळेत सापडतात.